चार नंबरची मेंढी

बिरुबाची आण, माझ्या तोंडात उरलेल्या सहा दातांची आण, आन् दारात भरून ठेवलेल्या सगळ्या पाण्याच्या पिंपांची आण! आता जे सांगणार हाय त्यातला शब्द न् शब्द खरा हाय. मोठ्यांदी सांगते, सगळ्या गल्लीला ऐकू जाऊ दे.

तुमी हसणार, मला ठावं हाय. उजनीच्या पाण्यात वाहून गेलेलं माझं घोंगडं मगरीनं तोंडात धरून परत आणून दिलं, असं मी सांगत असते. ते खोटं. मगर न्हवती, कोळी व्हता. बार्शीच्या बाजारात एका बोकडानं यष्टी अडवून कंडक्टरला माफी मागाय लावली, ते अर्धं खरं. पन ही गोष्ट तसली न्हाय. फकस्त मला भंडारा उचलाय लावू नका. का, ते पुढं कळंल.

मी राजाबाई. माणनदीकडच्या माळावरची धनगराची. पन्नास वर्सं मेंढरांमागं चालले, मंग गुडघे म्हणले आता बस, म्हणून सोलापुरात लेकाकडं आले. लेक सिदू, टेंपो चालवतो. त्याची लेक सृष्टी. पोरगी चार वर्सांची व्हती तवा तिची आय गेली. तवापसनं ती माळावर माझ्याच घोंगड्यात झोपून मोठी झाली.

ह्या पोरीला रग्बीचा नाद लागला. त्यात बॉल पिकल्या पपईगत लांबुळका असतो. तो छातीशी धरून पळायचं. सवता पुढं पळायचं, पन बॉल द्यायचा तो मागच्या पोरीला. पुढं फेकला की शिट्टी. आन् समोरच्या पोरींनी पळणारीच्या पायाला मिठी मारून तिला लोळवायचं. कालेजच्या मैदानावर पैल्याच दिवशी सृष्टीनं तीन पोरी अशा लोळवल्या की सरांनी इचारलं, "कुठं शिकलीस गं?" ही म्हणली, "कोकरांना औषध पाजाय धरावं लागतंय, तितं."

ज्या देशांत हा खेळ अजून रांगतोय, असल्या आठ देशांच्या पोरींची स्पर्धा ताश्कंदला लागली. नेपाळ, मंगोलिया, लाओस, असले समदे, आन् आपण. तीन वर्सं सृष्टी संघाबरोबर जायची आन् बाकावर बसून परत यायची. बदली खेळाडू. ह्या खेपेला पैल्यांदा तिला खेळणाऱ्या सातांत घेतलं. पाठीवर चार नंबर.

आमी ते बगायला बसलो शेजारच्या अल्तमशच्या दुकानात. पोरगा मोबाईल दुरुस्त करतो, लॅपटॉप हाय त्याच्याकडं. मी, सिदू, आन् समोरच्या घरातली कमलम्मा. कमलम्मा मांडीवर सूप घेऊनच आली. जगबुडी आली तरी तिच्या हातातली विडी वळायची थांबायची न्हाय.

पैली मॅच नेपाळबरोबर. लॅपटॉपवर पोरी मुंगीएवढ्या दिसायच्या. सिदू सारखा वरडायचा, "पळ सृष्टे, पळ!"

मी म्हणलं, "ती आपली न्हाय."

"आय, तुझ्या डोळ्यात मोतीबिंदू. तुला नंबर तरी दिसतोय का?"

"नंबर न्हाय दिसत. चाल दिसती. सृष्टीचा डावा खांदा आदी निघतो आन् मागनं पाय. तू जिला पळ पळ करतुयास ती दुसऱ्याची लेक हाय."

अल्तमशनं चित्र मोठं केलं आन् म्हणला, "आजी बरोबर है, सिदूभाई. वो नऊ नंबर है."

"अय्यो, पळू दे की," कमलम्मा म्हणली. "दुसऱ्याची असली म्हणून काय, आशीर्वाद वाया जातो व्हय?"

आमी मेंढरं कधी मोजत न्हाय. मोजली की नजर लागती. सांजच्याला दोनशे मेंढरं वाघरीत, म्हंजी जाळीच्या कुंपणात, जाताना नुसती बगत उभं ऱ्हायचं. कोण कसं पाऊल टाकतं हे डोळ्यात बसलेलं असतं. एखादं आलं नसंल तर आकडा कमी पडत न्हाय, चाल कमी पडती. सिदू शाळेत गेला, म्हणून त्याला आकडे येत्यात आन् सवताची लेक वळखाय येत न्हाय.

मधीच दोन्हीकडच्या पोरी डोकी एकमेकींत घालून ढकलाय लागल्या. कमलम्मा म्हणली, "राजक्का, हे तर आपलंच हाय की! पाच दिसांनी टँकर आल्यावर आपण करतो ते!"

"व्हय, पन ह्यांच्यात शिट्टी वाजवाय माणूस असतो," मी म्हणलं. "आपल्यात तोबी टँकरचा पाइप धरून पळतो."

तेवढ्यात सृष्टीला बॉल भेटला. डावा खांदा खाली, आन् जी सुटली, जी सुटली! दोघींना चुकवून थेट रेघेपल्याड जाऊन पपई टेकवली. पाच गुण! माझा हात कधी कमरेच्या पिशवीत गेला ते मला कळलं न्हाय. मूठभर भंडारा काढला आन् "बिरुबाच्या नावानं चांगभलं!" म्हणून उधळला. आमच्यात असंच करत्यात. देव समोर असला की हळद उधळायची. आता देव लॅपटॉपात व्हता त्याला मी काय करू?

"आजी! क्या करते तुम! कीबोर्ड है वो!" अल्तमश उठून फुंकाय लागला. बटणं पिवळी, पोरगं पिवळं, कमलम्माच्या तंबाखूत हळद. ती म्हणली, "आता ह्या विड्या वडणाऱ्याचा खोकला बरा व्हईल." पन लॅपटॉपातला आवाज गेला तो गेलाच. पोरानं किती बटणं दाबली, आवाज न्हाय. चित्र तेवढं चालू.

नेपाळची मॅच जिंकली. आन् पुढची, दुपारची, आमी मुक्यानं बगितली. तो आवाज गेला नसता तर पुढचं कायबी झालं नसतं, असं मला वाटतं. आवाज असला की माणूस आवाज सांगतो तिकडं बगतं. आवाज न्हवता, म्हणून मी नुसते पाय बगत ऱ्हायले.

दुसरी मॅच मंगोलियाबरोबर. अल्तमश म्हणला, "आजी, वो लोगां भी तुमच्यासारखेच. मेंढरं पाळत्यात, तंबूत ऱ्हात्यात." मला बरं वाटलं. म्हणलं, सोयरेच की.

चार-पाच मिनटं झाली असतील. सृष्टी एकीला पाडून उठली, दोन पावलं टाकली, आन् मी लॅपटॉपपाशी सरकले. डावा खांदा आदी निघत न्हवता. उजवा पाय ती टेकवत व्हती, पन भार देत न्हवती. लई हुशारीनं. वाटावं की दमलीया. सिदू टाळ्या वाजवत व्हता. अल्तमश म्हणत व्हता, "क्या खेलती है!" कुणाला कायबी दिसलं न्हाय.

मला दिसलं. आन् मंगोलियाच्या पोरींनाबी दिसलं. मेंढपाळाच्या लेकी त्या. मिनटाभरात त्यांचा सगळा खेळ सृष्टीच्या बाजूला सरकला. बॉल आला की तिच्याच अंगावर. शेवटाला एक पोर तिच्या उजव्या बाजूनं अशी निसटली की सृष्टीचा हात हवेतच ऱ्हायला. ती मॅच हातनं गेली. तरी गुणांवर आपण पुढच्या दिवशीच्या सेमीफायनलात गेलो, म्हणून सिदूनं गल्लीत भजी वाटली. मी माझी कमलम्माला दिली.

सांजच्याला सृष्टीचा व्हिडिओ फोन आला. बापाशी हसून बोलली. मंग मी फोन घेऊन मागं मोरीपाशी गेले.

"उजव्या गुडघ्याला काय झालंय?"

तिनं उठून खोलीचं दार लावलं.

"आतल्या बाजूला हाय. खाली दाबलं की कळ येतीया. खरं की न्हाय?"

"आज्जे," ती कुजबुजली. "तुला कसं... कुणालाच न्हाय कळलं. डाक्टरबाईलाबी न्हाय."

"कोचबाईला सांग."

"सांगितलं की बसवणार. तीन वर्सं बसलेच की गं मी! उद्या सेमी हाय. एकच मॅच. पट्टी बांधून खेळते. तू सांगू नको. बाबाला न्हाय, कोचबाईला न्हाय. शप्पथ घे."

"घेतली."

"तुझ्या नुसत्या शपथंवर कोण इस्वास ठेवंल? भंडारा उचल."

आमच्यात भंडारा उचलून दिलेला शब्द मोडत न्हाईत. खोटं बोलणारा धनगरबी भंडारा हातात घेतला की खरं बोलतो. म्हणून तर खोटं बोलणारा भंडाऱ्याला हात लावत न्हाय. ती फोनमधनं बगत व्हती. डोळे भरलेले. मी पिशवीतनं चिमूट काढली, कपाळाला लावली, म्हणलं, "तुझ्या बापाला सांगणार न्हाय. कोचबाईला सांगणार न्हाय."

"माझी आज्जे ती," ती म्हणली आन् हसली. ते हसणं बगून मला रडू आलं.

सकाळी उठल्यापसनं माझ्या डोळ्यापुढं पायच. सेमीत समोर उझबेकिस्तानच्या पोरी, तगड्या, सवताच्या गावात खेळणार. त्यांनीबी कालची मॅच बगितली असणार. लांडगा कळपातल्या धष्टपुष्ट मेंढीमागं लागत न्हाय. तो लांब टेकाडावर बसून आदी चाल बगतो.

अल्तमश दुकान उघडत व्हता. मी म्हणलं, "लेकरा, कोचबाईला फोन लाव. सिदूच्या कागदावर नंबर हाय. मी मराठीत बोलीन, तू हिंदीत सांग. आन् मी जेवढं बोलीन तेवढंच सांग. एक शब्द वर न्हाय."

फोन लागला. कोचबाई घाईत. "जी दादीजी, बोलिए, पर दस मिनट में टीम मीटिंग है."

मी म्हणलं, "बाई, मला कुणाबद्दल कायबी सांगायचं न्हाय. तुमच्या पोरी आज खेळणार, म्हणून एक गोष्ट सांगते. ऐका."

अल्तमशनं माझ्याकडं बगितलं. मी म्हणलं, "सांग तू."

आन् मी गोष्ट सांगितली. दुष्काळाचं वरीस. मी तेरा वर्सांची. माझी सवताची एक मेंढी व्हती, मामानं दिलेली. अंगावर पांढरे पट्टे, म्हणून बांडी. ती मागच्या उजव्या पायानं लंगडाय लागली. बापाला कळलं तर तो खाटकाला देणार, म्हणून मी तिला कळपाच्या मधोमध चालवायची. चारी बाजूला मेंढरं, मधी बांडी. बापाला दिसलं न्हाय, चुलत्याला दिसलं न्हाय. लांडग्याला दिसलं.

"दादीजी, बहुत अच्छी कहानी है," कोचबाई म्हणली, "लेकिन मैं शाम को..."

"संपत आलीया," मी म्हणलं. "तीन दिस लांडगा आमच्या मागं. चौथ्या दिवशी मी बांडीला खांद्यावर टाकली आन् सात कोस चालले. लांडगा मागनं, शाळंच्या पोरागत खाली मान घालून. मी वळून म्हणलं, बाबा, लंगडं तुला कायबी मिळणार न्हाय, जा माघारी. तो ऐकंना. वाघरीपतूर सोडाय आला, मला आत गेलेलं बगितलं, शेपूट हलवलं आन् गेला."

अल्तमशनं शेपटापतूर सगळं सांगितलं.  

मंग कोचबाईनं इचारलं, लई सावकाश, "दादीजी, उस भेड़ का नंबर क्या था?"

"मेंढराला नंबर नसतो, बाई."

"कौन सा पैर बोला आपने?"

"उजवा. गुडघ्याच्या आतनं."

"सृष्टी ने आपको..."

"मी भंडारा उचललाय," मी म्हणलं. "मला कायबी इचारू नका."

फोन ठेवला. अल्तमश म्हणला, "आजी, ये तो तुमने बोलच दिया."

"काय बोलले? मेंढीचं बोलले."

तो वळून शटर वर सारत ऱ्हायला.

दुपारी मॅच लागली. आवाज न्हवताच. पोरी मैदानात पळत आल्या. सिदू एकेकीकडं बोट दाखवाय लागला. "ही? ही का? आय, सृष्टी कुटं हाय?"

कडंला बाक व्हता. त्यावर ती बसलेली, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. मान खाली. सिदू माझ्याकडं वळला. "काल तर एवढी खेळली. का बसवली गं हिला?"

"मला काय ठावं," मी म्हणलं. भंडाऱ्याचा शब्द व्हता ना, बापाला सांगणार न्हाय.

तो लॅपटॉपकडं बगत ऱ्हायला. टेंपोचं भाडं सोडून आला व्हता, नवा सदरा घालून. कमलम्मा हळूच म्हणली, "राजक्का, आज तुज्या तोंडाला कुलूप का?" मी तिच्या सुपातली एक विडी उचलून उगाच वळली. ती वाकडीच झाली.

दहाला दहा, बरोबरीत. पपई टेकवली की वर दोन गुणांची एक लाथ मिळती, ती शेवटची लाथ त्यांची. बॉल दांड्यांमधनं गेला आन् बारा-दहा. त्या लाथंच्या आदी जी पोर निसटून पळाली, ती सृष्टीच्या जागेवरनंच निसटली. तिथं नवीन पोर उभी व्हती. तिनं पायाला मिठी मारली व्हती, पन सुटली. सृष्टीच्या हातनं ती सुटली नसती. धडका पाय असता तर. आन् दुखऱ्या पायावर? मी कितीदा इचार केला. अजून करते.

नंतरची मॅच जिंकून तिसरा नंबर आला. सृष्टीचा फोन आला न्हाय.

सिदू तिला ठेसनावरनं घेऊन आला. दारातनं लंगडतच आत आली. आता लपवायचं काय ऱ्हायलं व्हतं? गळ्यातलं पदक काढलं आन् माझ्या पुढ्यात ठेवलं.

"घे. तूच खेळलीस."

"सृष्टे, मी तुझं नाव घेतलं न्हाय."

"कोचबाईनं सगळं सांगितलं. मेंढीची गोष्ट! आज्जे, तू मला गंडवलंस तर गंडवलंस. भंडारा उचलून देवालाबी गंडवतीस व्हय?"

 पन्नास वर्सं मी लोकांना हसवलं, पन माझ्या गोष्टीपायी कुणाच्या डोळ्यात पाणी आलेलं मी बगितलं न्हवतं.

डाक्टरनं फोटो काढला. म्हणला, आतली शीर अर्धी फाटलीया, सहा आठवडे खेळ बंद. सिदूनं इचारलं, "ती मॅच खेळली असती तर?" डाक्टर म्हणला, "टिकलीबी असती, पूर्ण तुटलीबी असती. असं सांगता येत न्हाय." मला वाटलं व्हतं तो म्हणंल, बरं झालं बसवली. तेवढं ऐकायलाच मी संगट गेले व्हते. तो तेवढंबी म्हणला न्हाय.

नऊ दिस ती माझ्याशी बोलली न्हाय. जेवण वाढलं की खायची, ताट उचलायची. झोपायची वेगळ्या अंथरुणात. कमलम्मा रोज दारातनं इचारायची, "बोलली का गं?" मी मान हलवायची. कमलम्मा म्हणायची, "माझी सून सात वर्सं बोलली न्हाय, घर लई शांत व्हतं. जपून वापर." मला हसू आलं न्हाय.

दहाव्या दिवशी सांजच्याला ती पट्टी सोडून परत बांधत व्हती. एकटीला नीट जमत न्हवती. मी लांबनं बगत बसले. हात लावायची छाती न्हवती.

एकदम तिनं वर न बगता इचारलं, "ती बांडी मंग जगली किती वर्सं?"

माझ्या तोंडात तयार व्हतं. अकरा वर्सं, चौदा कोकरं, आन् शेवटाला माझ्या मांडीवर डोकं ठेवून गेली. असलं मला झोपेतबी येतं. तोंड उघडलं, पन ते बाहेर आलं न्हाय. मी कमरेची पिशवी सोडली, चिमूटभर भंडारा तळहातावर घेतला आन् तिला जे सांगितलं ते ह्या जन्मात कुणाला सांगितलं न्हवतं. माझ्या बापालाबी न्हाय.

 मंग ती सरकत सरकत आली, दुखरा पाय माझ्या मांडीवर ठेवला आन् पट्टीचं टोक माझ्या हातात दिलं. "घट बांद," म्हणली. "खालनं वर." तिनं मला माफ केलं का न्हाय, ते मी इचारलं न्हाय. अजून इचारलेलं न्हाय.

आता तुमालाबी सांगून टाकते, म्हंजी सुरवातीच्या शपथंचं वझं उतरंल. लॅपटॉपवरची हळद खरी, बारा-दहा खरं, भंडारा खरा, लांडगाबी खरा. एकच गोष्ट मी मनानं घातली. बांडीला मी खांद्यावर घेतलंच न्हाय. तिचं लंगडणं मला पंधरा दिस आदी ठावं व्हतं. मी कुणाला बोलले न्हाय, नुसती तिला कळपात लपवत ऱ्हायले, आन् चौथ्या दिवशी पहाटं ती जागेवर न्हवती. सात कोस मी चालले ते खरं. खांद्यावर नुसतं घोंगडं व्हतं.